आतड्याचा क्षय आणि क्वचित वाहणारे रक्त

क्षयरोग म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एक चित्र हमखास येते : खोकल्याची उबळ, तोंडाला लावलेला रुमाल आणि त्यावर पडलेला रक्ताचा डाग. नाटक-सिनेमांनी हे चित्र इतके गिरवले आहे की क्षय आणि रक्त ही जोडी आपल्या मनात पक्की बसली आहे. परंतु हाच जंतू फुफ्फुसाऐवजी आतड्यात घर करतो तेव्हा रक्त सहसा दिसत नाही. पोट दुखते, ताप येतो, वजन उतरते, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो. शौचावाटे रक्त जाणे मात्र विरळाच. जंतू तोच, रोग तोच, मग एका अवयवात रक्त पडते आणि दुसऱ्यात पडत नाही, असे का? आणि ज्या मोजक्या रुग्णांत ते पडते, त्यांच्या वाट्याला काय येते?

हा प्रश्न माझ्यापुढे एका घरगुती प्रसंगातून आला. नात्यातल्या पंचविशीच्या एका मुलाला शौचावाटे रक्त जाऊ लागले. घरात निदान तयारच होते : मूळव्याध. सुरणाची भाजी, ताक, इसबगोल, मग मलम, मग एक छोटी शस्त्रक्रिया, असे करत आठ महिने गेले. रक्त अधूनमधून जातच राहिले, वजन उतरत राहिले आणि एका सकाळी तो न्हाणीघरात चक्कर येऊन पडला. तेव्हा त्याचे हिमोग्लोबिन ५.८ होते. पुढे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली आणि मूळव्याधीच्या जागेपासून सुमारे दीड मीटर आत, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, व्रण सापडले. मी वैद्यक शिकलेलो नाही. त्यानंतरच्या काळात जुनी-नवी वैद्यकीय नियतकालिके वाचत, परिचयातल्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारत जे समजले, ते इथे मांडतो.

जंतू आतड्यात पोहोचतो कसा?

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पण क्षयाच्या रुग्णाचे पोट बिघडते ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. क्षयी माणसाला जुलाब लागले की अंत जवळ आला, असे ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत सांगितले आहे. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत अशा रुग्णाचा मल विशेष जपावा, कारण त्याचे उरलेसुरले बळ त्यावरच टिकलेले असते, असा उपदेश आहे. यावरून प्राचीनांना आतड्याचा क्षय ठाऊक होता असे म्हणणे ओढूनताणून होईल. त्यांचे निरीक्षण मात्र अचूक होते. औषधे नव्हती त्या काळात फुफ्फुसाच्या क्षयाने मेलेल्यांची शवविच्छेदने झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या आतड्यांतही क्षयाचे व्रण आढळत.

याचे मुख्य कारण साधे आहे. फुफ्फुसाचा रुग्ण जंतूंनी भरलेला बेडका गिळतो. क्षयाच्या जंतूभोवती मेणासारख्या स्निग्ध पदार्थाचे कवच असते, त्यामुळे जठरातले आम्ल त्याला सहज मारू शकत नाही. याशिवाय रक्तातून, किंवा शेजारच्या रोगग्रस्त अवयवातूनही जंतू आतड्यात उतरतो. आणखी एक वाट दुधाची. गुराढोरांच्या क्षयाचा जंतू कच्च्या दुधातून माणसाच्या पोटात जाऊ शकतो. हा धोका फारसा नाही, असे खुद्द कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या क्षयपरिषदेत सांगितले होते. ब्रिटिश शाही आयोगाने पुढच्या दहा वर्षांत ते मत खोडून काढले. आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय न पिण्याची सवय घरोघर आहे, तिने ही वाट बऱ्याच अंशी बंद ठेवली.

आतड्यात शिरलेल्या जंतूची आवडती जागा म्हणजे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तो सांधा. उजव्या कुशीत, अपेंडिक्सच्या अगदी शेजारी. तिथे झडप असल्याने अन्नरस रेंगाळतो, जंतूला भिंतीशी सलगी करायला वेळ मिळतो. शिवाय त्या भागात लसिका पेशींचे पुंजके दाट असतात. शरीराच्या पहारेकऱ्यांनी जंतूला पकडून आत न्यायचे आणि त्याने आतच ठाण मांडायचे, असा हा प्रकार आहे.

रक्त का वाहत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर मला विषमज्वराशी, म्हणजे टायफॉइडशी, तुलना केल्यावर नीट कळले. विषमज्वराचा जंतूही याच भागात, याच लसिका-पुंजक्यांवर हल्ला करतो. हे पुंजके आतड्याच्या लांबीच्या दिशेने पसरलेले असतात, म्हणून विषमज्वराचे व्रण उभे, लांबट असतात. ते झपाट्याने, दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. उपचार न मिळालेल्या रुग्णाला तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्तस्राव होण्याची भीती जुन्या डॉक्टरांना असे, ती यामुळेच. व्रण खोल जातो तेव्हा वाटेतल्या रक्तवाहिन्या चालूच असतात.

क्षयाची चाल वेगळी आणि सावकाश. तो लसिकावाहिन्यांच्या वाटेने पसरतो आणि या वाहिन्या आतड्याला वेढा घालून जातात. त्यामुळे क्षयाचा व्रण आडवा, कमरपट्ट्यासारखा असतो. रोग महिनोन्‌महिने धुमसत राहतो आणि त्या काळात आसपासच्या छोट्या धमन्यांच्या भिंतींना सूज येते. आतले अस्तर जाड होत जाते, पोकळी अरुंद होते आणि शेवटी बुजते. शेताच्या पाटात गाळ साचत जाऊन पाणी बंद व्हावे, तसे. व्रण धमनीपर्यंत पोहोचतो तोवर तिच्यातला प्रवाह बहुधा थांबलेला असतो. व्रणाच्या तळाशी तंतुमय जाड थरही साचतो, म्हणून आतड्याला आरपार भोक पडण्याचे प्रमाणही तुलनेने कमी.

रक्तस्रावापासून वाचवणाऱ्या या प्रक्रियेची किंमत रुग्ण दुसरीकडे मोजतो. रक्तपुरवठा घटला की ऊती जगत नाहीत, जखम भरून येत नाही. आणि आली तर आडव्या व्रणाचा आडवा वण आकसतो, आतडे त्या जागी आवळले जाते. मग ‘पोटात गोळा उठतो, फिरतो आणि गुडगुड आवाज होऊन जिरतो’ ही तक्रार सुरू होते. आवळलेल्या जागेतून अन्न पुढे ढकलण्याची आतड्याची ती धडपड असते. आपल्याकडचे अनुभवी डॉक्टर हे शब्द ऐकताच सावध होतात.

फुफ्फुसातही धमन्या बुजण्याची प्रक्रिया होतेच. पण तिथे ऊती गळून हवेची पोकळी तयार होते आणि तिच्या कडेला एखादी धमनी एका बाजूने आधाराविना उघडी पडते. तिला फुगा येतो आणि तो फुटतो. डॅनिश वैद्य रासमुसेन यांनी १८६८ मध्ये याचे वर्णन केले, आणि तो फुगा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पोकळीभोवती नव्या, नाजूक रक्तवाहिन्याही वाढलेल्या असतात. रुमालावरचे रक्त येते ते तिथून. आतड्याच्या भिंतीत अशी पोकळी होत नाही.

वाहते तेव्हा

तरीही काही रुग्णांत रक्त वाहते. धमनी बुजण्याआधीच व्रण तिथवर पोहोचतो. कुपोषण, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे यांमुळे शरीराची बांध घालण्याची शक्ती कमी झाली, तर रोग वेगाने पसरतो आणि हे घडायला वाव मिळतो. कधी आतड्यालगतची सुजलेली लसिका ग्रंथी फुटून शेजारची रक्तवाहिनी कुरतडते. कधी अशी ग्रंथी यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब आणते आणि जठराच्या शिरा फुगून त्यांतून रक्त येते. जठरालगतच्या आतड्याच्या पहिल्या भागात क्षयाचा व्रण झाला तर रक्ताची उलटीही होऊ शकते. ही सारी उदाहरणे दुर्मीळ आहेत. पण वैद्यकीय वाङ्‌मयात त्यांच्या नोंदी आहेत.

रक्त कसे दिसते यावरून ते कुठून आले याचा अंदाज बांधता येतो. वरच्या भागातले रक्त पचत पचत खाली येते, म्हणून मल डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा होतो. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरचे रक्त बहुधा गडद, तपकिरी-लाल, मलात मिसळलेले, कधी गाठींसह येते. मूळव्याधीचे रक्त ताजे लाल असते. ते मलावर बाहेरून लागलेले दिसते किंवा शौचानंतर थेंब थेंब पडते. हे अंदाजच आहेत. जोराचा रक्तस्राव असेल तर वरचे रक्तही लालच बाहेर येते.

आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव. रोज थोडे थोडे रक्त जाते, मल नेहमीसारखाच दिसतो, पण शरीरातले लोह संपत जाते. माणूस फिका पडतो, जिना चढताना धापा टाकतो. त्याला लोहाच्या गोळ्या मिळतात, हिमोग्लोबिन थोडे वाढते, गोळ्या थांबल्या की पुन्हा उतरते. पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला, लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग झाला आणि कारण दिसत नसेल, तर ते आतड्यात शोधायला हवे.

सहा मीटरचे अंधारे गल्लीबोळ

शोधायचे म्हणजे अडचण सुरू होते. तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर आणि आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. खालून घातलेली दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोप, मोठे आतडे ओलांडून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत डोकावते. मधले पाच-सहा मीटर दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहतात. तिथे सीटी स्कॅन किंवा खास लांब दुर्बीण लागते. गिळायच्या कॅमेरा-कॅप्सूलचीही सोय आहे. पण क्षयाने आतडे आवळलेले असेल तर ती कॅप्सूल तिथेच अडकून बसण्याचा धोका असतो, म्हणून आधी वाट मोकळी आहे का हे पाहावे लागते. रक्त जोरात वाहत असेल तर सीटी अँजिओग्राफीत गळतीची जागा दिसू शकते. मग मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन ती वाहिनी बुजवता येते, किंवा शस्त्रक्रियेने तेवढा भाग काढावा लागतो.

आता व्रण सापडला तरी तो क्षयाचाच, हे सिद्ध करणे सोपे नसते. फुफ्फुसाच्या बेडक्यात जंतूंची संख्या मोठी असते. आतड्याच्या तुकड्यात ती अगदी तुटपुंजी. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर जंतू क्वचितच दिसतात. संवर्धनाला कित्येक आठवडे लागतात आणि तेही बरेचदा कोरे येते. जनुकीय चाचणी काही तासांत उत्तर देते आणि ‘आहे’ म्हणाली तर बहुधा विश्वासार्ह असते. ‘नाही’ म्हणाली म्हणून क्षय नाही असे मात्र होत नाही. क्षयाची खूण मानली जाणारी, मधोमध भुसभुशीत झालेली पेशींची गाठ कधी आतड्याच्या तुकड्यात नसतेच, फक्त शेजारच्या लसिका ग्रंथीत असते. छातीचा एक्स-रे निम्म्याहून अधिक रुग्णांत स्वच्छ असतो. ‘थुंकी निगेटिव्ह, एक्स-रे नॉर्मल, म्हणजे टीबी नाही’ हे वाक्य अशा रुग्णाच्या बाबतीत घातक ठरते.

दोन रोग, एक चेहरा

फ्रान्सचा राजा तेरावा लुई १४ मे १६४३ रोजी वारला, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. आयुष्यभर पोटाने छळलेल्या या राजाच्या शवविच्छेदनात आतड्यात व्रण आणि फुफ्फुसात पोकळी आढळली. क्षयाच्या इतिहासात हे आतड्याच्या क्षयाचे जुने उदाहरण म्हणून दिले जाते. पण त्याला क्रोहनचा रोग असावा, असेही म्हटले गेले आहे. पावणेचारशे वर्षांनंतर राजाबद्दल चालणारा हा वाद आज आपल्या रुग्णालयांत सामान्य माणसाबद्दल रोज चालतो.

क्रोहन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ मध्ये जो रोग वेगळा काढला, तो त्याआधी बरेचदा क्षयातच मोजला जाई. याचीही आवडती जागा तोच सांधा, लक्षणेही तीच. क्रोहनचा रोग जंतुसंसर्ग नव्हे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. म्हणून त्याचा उपचार प्रतिकारशक्ती दडपणे हा. आणि क्षयात नेमकी तीच शक्ती जंतूला कोंडून ठेवत असते! चुकून क्षयाच्या रुग्णाला स्टेरॉइड दिले, तर सूज उतरून चार दिवस बरे वाटते आणि मग रोग अंगभर पसरतो. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरात आल्यावर २००१ मध्ये त्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४० जणांचा क्षय फुफ्फुसाबाहेरचा होता. तेव्हापासून असे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करण्याचा दंडक पडला. उलट चूकही महाग पडते. क्रोहनच्या रुग्णाला महिनोन्‌महिने क्षयाची औषधे देत राहिले, तर तेवढ्या काळात त्याचे आतडे आवळत जाते.

युरोप-अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांना हा पेच फारसा पडत नव्हता, कारण तिथे क्षय ओसरला होता. तो सोडवण्याचे काम भारतातच व्हायला हवे होते, आणि झाले. मुंबईचे भन्साळी यांनी १९७७ मध्ये पोटाच्या क्षयाच्या ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दिल्लीच्या एम्समध्ये टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्येच दोन्ही रोगांतले ऊतींच्या पातळीवरचे भेद मांडले होते. अलीकडे दिल्ली आणि चंडीगडच्या संस्थांतून एक व्यवहार्य मार्ग पुढे आला. पुरावा अपुरा पण संशय दाट असेल तर क्षयाची औषधे सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहायचे. व्रण भरून आले असतील तर क्षय. जसेच्या तसे असतील तर क्रोहन किंवा औषधाला न जुमानणारा क्षय, याचा विचार करायचा. रुग्णाला बरे वाटते का, एवढ्यावर विसंबायचे नाही, कारण क्रोहनच्या रुग्णालाही या औषधांनी काही काळ बरे वाटू शकते. आमच्या नात्यातल्या मुलाचा निर्णयही असाच झाला. तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत व्रणाच्या जागी फक्त वण दिसत होता.

सहा महिने

निदान झाले की पुढची वाट तुलनेने सरळ असते. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दोन महिने आणि पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन पुढचे चार महिने. पूर्वी पोटाच्या क्षयाला नऊ महिने किंवा वर्षभर औषधे देत. सहा महिने पुरतात हे भारतीय अभ्यासांतून दिसल्यावर २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तेच सांगितले गेले. ही औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली. आतड्याच्या क्षयाच्या रुग्णालाही हे सारे लागू आहे.

रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवावी अशी एक गोष्ट आहे. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नव्हे. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो. तेही रक्त नव्हे. एकदा रक्त पाहून धसका घेतलेला माणूस हे रंग पाहून औषधच बंद करतो, आणि अर्धवट सोडलेले औषध हा क्षयाचा सर्वांत जुना मित्र आहे. याउलट चक्कर, थंड घाम, जलद नाडी, लघवी कमी होणे ही लक्षणे रक्तासोबत असतील, तर रंगाची चर्चा न करता रुग्णालय गाठावे.

विरळा म्हणजे किती विरळा?

आतड्याच्या क्षयातला मोठा रक्तस्राव विरळा, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य खरेच आहे. फक्त ते वाचताना आपण कुठे बसलो आहोत याचे भान हवे. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. जिथे एखादा रोगच दुर्मीळ, तिथे त्याचे दुर्मीळ लक्षण डॉक्टरला जन्मात दिसणार नाही. जिथे रोग घरोघरचा, तिथे त्याचे दुर्मीळ लक्षणही कुठल्या ना कुठल्या वॉर्डात असतेच. शौचावाटे रक्त जाणाऱ्या बहुतेक माणसांना मूळव्याध किंवा गुदद्वाराजवळची चीर असते, आणि त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. पण रक्ताबरोबर संध्याकाळचा बारीक ताप असेल, कपडे सैल होऊ लागले असतील, उजव्या कुशीत दुखत असेल, पोटात गोळा फिरत असेल किंवा घरात कुणाला पूर्वी टीबी झालेला असेल, तर मूळव्याधीच्या मलमावर थांबू नये. ‘आत एकदा पाहायला हवे का?’ हा प्रश्न रुग्णानेच डॉक्टरांना विचारावा. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

आमच्या मुलाच्या आठ महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नाही : त्याने नाही, आईवडिलांनी नाही, मीही नाही. संध्याकाळी त्याचे अंग कसकसते हे त्याच्या आईला ठाऊक होते. मूळव्याधीसाठी गेलेल्या माणसाने तापाबद्दल काय बोलायचे, असे तिला वाटले. आता तो बरा आहे, कामावर जातो. त्याचे वजन ११ किलोने वाढले, हे ती प्रत्येक भेटीत न विचारता सांगते.